पेशंटचं वय काय?

आज लंच टाइममध्ये बँकेच्या जिन्यात उभी राहून इथल्याच एका दवाखान्यात फोन लावला. ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, तपासणी करायची आहे म्हटलं. पलीकडून गोड आवाजात, "पेशंटचं वय काय?" मी म्हटलं ३७. "तुमचं नाही हो मॅडम, बाळाचं." मी म्हटलं, बाळ मीच. तिनं फोन होल्डवर टाकला. बासरी वाजत राहिली, मग कट.

हसा. मी पण हसले, अर्ध्या तासानं.

ऑटिझमची लेकरं मोठी झाली की कुठं जातात असं वाटतं या लोकांना? २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. तिथं कुठं लिहिलंय की फक्त बाळांना? हो, मोठ्यांची तपासणी करणारे आपल्याकडं कमी आहेत, त्या पोरीचा काय दोष. पण राग येतो तो येतोच.

पुण्याच्या एका डॉक्टर बाईंची मंगळवारची वेळ आधीच घेतलीय. म्हटलं लातुरातच जमलं तर मायला गाडीत बसवायला नको, तिचे गुडघे. नाही जमलं.

त्या बाईंनी भरायला कागद पाठवलेत. एक ५० प्रश्नांचा. तो मी तीनदा भरला, कारण "थोडं सहमत" आणि "पूर्ण सहमत" यात नेमका फरक किती, हे कुणी सांगत नाही. दुसरा कागद बालपणाचा. बोलायला कधी लागली, चार-पाच वर्षांची असताना कशी खेळायची, प्रगतीपुस्तकं असतील तर आणा, लहानपण पाहिलेलं माणूस सोबत आणा. कारण हे लहानपणापासून असावं लागतं, मधेच उगवत नाही.

आता आणू कुठून? आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. दगडमातीचं माळवद. फोटो, बालवाडीची वही, आजी, आत्या, सगळं त्याच ढिगाऱ्यात. मी पाच वर्षांची.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला घरात एकच उत्तर. पोरगी बोलत नाही? भूकंपाचा धक्का. हलगी वाजली की कान झाकते? भूकंप. लग्नात मांडवामागं जाऊन बसते? भूकंपच. धक्का बसलाच होता, नाही कुठं म्हणतेय. पण माझी चुलत भावंडं त्याच पत्र्याच्या शेडमध्ये वाढली, ती वरातीत पुढं नाचतात.

म्हणून गेल्या रविवारी मायला विचारलं, मी भूकंपाच्या आधी कशी होते गं? ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पैल्यापसून तशीच हैस की तू."

आणि मग तिनं येळवशीचं, म्हणजे शेतात पूजा-जेवण करायच्या वेळा अमावस्येचं, सांगितलं. भूकंपाआधीची शेवटची. शेतात कडब्याची कोप, आत पाच पांडव. चुना लावलेले ते दगड मी उंचीप्रमाणे एका रेषेत लावून ठेवले होते. आत्यानं पूजेला बसताना एक उचलून मधे सरकवला. मी जी किंचाळले! भज्जी खाल्ली नाही, आंबिल प्यायले नाही. शेताला फेरी मारणाऱ्यांच्या आरोळ्या सुरू झाल्यावर कान दाबून कोपीमागं बसले, ती सांजेला घरी येईपर्यंत.

मला यातलं काही आठवत नाही. ऐकून मी इतकी रडले की माय घाबरली.

चिडचिड कशाची होते सांगू? त्या एका दिवसानंतर मी "गुणाची पोर" झाले. आवाज नाही, हट्ट नाही. पोरगा इतका गप्प असता तर कुणीतरी कुठंतरी दाखवलं असतं. (असो, तेव्हा गावात दाखवणार तरी कुणाला होते.) कोपीमागं जाऊन बसायचं बंद केलं, एवढंच झालं. काउंटरवर ग्राहकाच्या भुवयांच्या मधोमध बघायचं, त्याला वाटतं डोळ्यांत बघतेय. "जेवण झालं का?" विचारलं की "हो, तुमचं?" म्हणायचं, जेवले नसले तरी. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या २०१३च्या डीएसएम-५ या पुस्तकातच लिहिलंय की शिकलेल्या सवयींखाली लक्षणं झाकली जाऊ शकतात. पण आमच्या सहकारी मॅडम म्हणतात, "तू तर किती छान बोलतेस, हे रील बघून आलेलं फॅड आहे." बरं, रील बघूनच सुरुवात झाली. मग?

तर आता वही केलीय. समोर बसले की मी "ठीक आहे" म्हणून मोकळी होईन, मला माहितीय, म्हणून सगळं लिहून नेतेय. मिक्सरचा आवाज, ब्लाउजची टोचणारी शिलाई, घरी आल्यावर अंधारात पडून राहणं. आणि पहिल्या पानावर पांडव.

माय येतेय. पण मघाशी म्हणाली, "आत्यानं दगड हलिवला आसं नगं सांगू. गेलेल्या मानसाला कामून बोल लावायचा? मी हलिवला म्हनते."

मी म्हटलं, नाही, जे झालं तेच सांगायचं. त्यावरून आमचं भांडण झालंय आणि ती माझ्याशी बोलत नाहीये.