मधल्या फेऱ्यांचा खेळ

गेल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, ॲरिझोनातील फिनिक्स येथे नॅस्कार या अमेरिकेत मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या हंगामाची शेवटची शर्यत झाली. डेनी हॅमलिन हा पंचेचाळिशीला आलेला ड्रायव्हर, ज्याच्या नावावर तोपर्यंत ६० विजय होते आणि अजिंक्यपद मात्र एकही नव्हते, त्या दिवशी २०८ फेऱ्या सर्वांच्या पुढे होता. ठरलेल्या ३१२ फेऱ्यांपैकी तीन उरल्या असताना विल्यम बायरनच्या गाडीचा टायर गेला, सगळ्यांनी वेग कमी करून एकामागे एक चालावे यासाठी दाखवतात तो पिवळा झेंडा पडला आणि सगळ्या गाड्या टायर बदलण्यासाठी आत आल्या. हॅमलिनने चारही टायर बदलले, काइल लार्सनने दोनच बदलून वेळ वाचवला, आणि त्यानंतर खेळवलेल्या दोन जादा फेऱ्यांत लार्सन त्याच्या पुढे राहिला. शेवटच्या शर्यतीत उरलेल्या चार दावेदारांत जो पुढे येईल तो वर्षाचा विजेता, असा नियम होता, त्यामुळे एवढ्यावर वर्षभराचे अजिंक्यपद लार्सनला मिळाले. त्या शर्यतीत तो एकही फेरी सर्वांच्या पुढे नव्हता, आणि शर्यत जिंकला तो तिसराच, रायन ब्लेनी.

लार्सन उत्तम ड्रायव्हर आहे आणि जे नियमात बसत होते तेच त्याने केले, त्यामुळे त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मला स्वतःचेच आश्चर्य वाटले ते यासाठी, की टीव्ही बंद करताना मला ना धक्का बसला होता, ना वाईट वाटले होते. ज्या खेळापायी मी मराठी मंडळाच्या कितीतरी रविवारच्या बैठका बुडवल्या आणि त्यावरून घरी बोलणी खाल्ली, त्या खेळात अजिंक्यपद असे हातातून निसटताना पाहूनही मी शांतपणे उठून भांडी लावायला गेलो. हे कसे झाले, याचा गेले काही महिने मी विचार करतो आहे.

मी १९९७ मध्ये एका बँकेच्या संगणक विभागात कंत्राटावर नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटला आलो. शहरात भाडे परवडत नव्हते, म्हणून जवळच्या कनॅपोलिस या गिरणी गावात दोन खोल्या घेतल्या. तिथे टॉवेल आणि चादरी विणणारी प्रचंड गिरणी होती. लालबागमध्ये वाढलेल्या आणि १९८२ च्या संपात वडिलांची साचेखात्यातली नोकरी गेलेली पाहिलेल्या मला ते गाव पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले. शेजारी राहणारे गृहस्थही त्या गिरणीच्या साचेखात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांना मी तोंडावर 'सर' म्हणत असे आणि मनात काका. डेल अर्नहार्ट याच गावचा. त्याचे वडील राल्फ कापडगिरणीत काम करता करता शर्यतींत उतरले, डेलने नववीतच शाळा सोडली आणि पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवले. त्या गावात त्याच्या काळ्या तीन नंबरच्या गाडीला जे स्थान होते, ते शब्दांत सांगणे अवघड आहे. आपल्याकडे गिरणगावात दहीहंडीच्या दिवशी आपल्या गल्लीच्या पथकाला असते, साधारण तसे.

हा खेळ पाहायला मला काकांनी शिकवले, आणि त्यांची पहिली शिकवण अशी होती की शेवटच्या दहा फेऱ्या कोणालाही कळतात, खेळ मधल्या दोनशे फेऱ्यांत असतो. २२ फेब्रुवारी २००४ रोजी आम्ही दोघे रॉकिंगहॅमला गेलो होतो. शार्लटच्या पूर्वेला वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात असलेला हा जेमतेम एका मैलाचा ट्रॅक टायर खाण्यासाठी प्रसिद्ध होता, कारण तिथले डांबर सँडपेपरसारखे खरखरीत होते. काकांच्या एका हातात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या हातात वीजबिलाचे जुने पाकीट होते. पाकिटाच्या कोऱ्या बाजूला ते दर पाच फेऱ्यांनी चार गाड्यांच्या वेळा लिहीत. नवे टायर घातल्यावर सगळेच जोरात धावतात, पण पंधरा-वीस फेऱ्यांनंतर ज्याने सुरुवातीला टायर जपले त्याची वेळ कमी बिघडते, आणि तो एकेक करून पुढे सरकू लागतो. समोर पाहणाऱ्याला गाड्या नुसत्या गोल फिरताना दिसतात, पण पाकिटावरच्या आकड्यांत एक जण हळूहळू दुसऱ्याला गाठत असतो. कसोटी सामन्यात दुपारच्या सत्रात चेंडू जुना होत असताना रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, मलाही लागले नाही.

त्या दिवशी मॅट केनसेथने नवख्या केसी केनला ०.०१० सेकंदाने हरवले. घरी परतताना काका शेवटच्या फेरीविषयी फार बोललेच नाहीत. मधल्या टप्प्यात केनने टायर कसे वाचवले, यावरच गाडीत दोन तास चर्चा चालली. रॉकिंगहॅमवरची कप या नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची ती शेवटची शर्यत ठरली.

माझ्या मते सगळे बिनसले ते त्याच वर्षी. आदल्या वर्षी, २००३ मध्ये, याच केनसेथने संपूर्ण हंगामात एकच शर्यत जिंकून अजिंक्यपद मिळवले होते, आणि आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा आला होता. जुन्या गुणपद्धतीत प्रत्येक शर्यतीचे मोल सारखे होते आणि सातत्याला भरपूर गुण होते. केनसेथने शर्यतीमागून शर्यत पहिल्या दहांत राहून गुण साठवले आणि कोणालाही जवळ येऊ दिले नाही. मला तो हंगाम कंटाळवाणा वाटला होता, हे कबूल करतो. परंतु तो न्याय्य होता, आणि कंटाळवाणा का आहे हेही आम्हाला ठाऊक होते: एका माणसाने ३६ रविवार चूक केली नव्हती. विजयाला जास्त गुण देऊन हा दोष दुरुस्त करता आला असता. त्याऐवजी २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींसाठी दहा ड्रायव्हर निवडून त्यांचे गुण जवळजवळ एका पातळीवर आणण्याची 'चेस' पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी मालिकेला असलेले विन्स्टन हे १९७१ पासूनचे प्रायोजकाचे नाव जाऊन नेक्स्टेल आले, आणि साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टन ट्रॅकवर १९५० पासून लेबर डेच्या सुट्टीला होणारी सदर्न ५०० त्या सुट्टीवरून हलवून तो आठवडा कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकला देण्यात आला. सदर्न ५०० पुन्हा त्या सुट्टीला यायला २०१५ उजाडले. अकरा वर्षांत लोकांना सुट्टीचे दुसरे बेत करायची सवय लागते.

पुढचा प्रवास एकाच दिशेने झाला. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने गाळणी लावून शेवटी चारच ड्रायव्हर उरू लागले, आणि एका दुपारी त्या चौघांत जो पुढे येईल तो वर्षाचा विजेता ठरू लागला. पहिल्याच वर्षी न्यूमन एकही शर्यत न जिंकता त्या चौघांत पोहोचला आणि दुसरा आला. म्हणजे केनसेथच्या ज्या एका विजयाला दोष म्हणून सगळी पद्धत बदलली, त्या बदलाने शून्य विजयांच्या माणसाला अजिंक्यपदापासून एका जागेवर आणून ठेवले. २०१५ मध्ये काइल बुश पाय मोडल्यामुळे ११ शर्यतींना नव्हता, तरी अजिंक्यपद त्याचेच. तो जिद्दीने परतला याचे कौतुक आहेच, परंतु जवळजवळ एक तृतीयांश हंगाम गैरहजर राहिलेला माणूस वर्षभराचा विजेता ठरत असेल, तर मार्च-एप्रिलमधल्या शर्यती आपण कशासाठी पाहायच्या, हा प्रश्न काकांनी तेव्हाच विचारला होता.

वर्षाचे जे केले तेच २०१७ पासून प्रत्येक शर्यतीचे केले. शर्यतीचे तीन भाग पाडून पहिल्या दोन भागांच्या शेवटी ठरवून पिवळा झेंडा दाखवायचा, म्हणजे सगळ्या गाड्या पुन्हा एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. टीव्हीवर जाहिरातींची सोय होते आणि पुन्हा सुरुवात करताना गर्दीही होते. पण टायर जपून ज्याने आठ सेकंदांची आघाडी घेतली, त्याचे ते आठ सेकंद एका झेंड्यासरशी नाहीसे होतात. पाकिटावर लिहिण्यासारखे काही उरत नाही. खरा अपघात झाल्यावर आघाडी जाणे हे नशीब आहे आणि आम्ही ते नेहमीच मान्य करत आलो. घड्याळ लावून आघाडी पुसणे ही निराळी गोष्ट आहे.

गाडीबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यात मी जाणकार नाही. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी, हा १९४८ साली संस्था स्थापन झाली तेव्हाचा अर्थ केव्हाच मागे पडला आहे, त्याचा शोक करण्यात हशील नाही. मात्र २०२२ पर्यंत प्रत्येक संघ आपल्या कारखान्यात बरेचसे स्वतः घडवत असे. त्या वर्षी आलेल्या नव्या गाडीचे मुख्य भाग सर्व संघांनी ठरावीक पुरवठादारांकडून घ्यायचे असतात. चाकाला पाच नट असायचे, ते बंदुकीसारख्या यंत्राने पाच वेळा टर्र करत आवळले जायचे आणि त्या आवाजावरून कोणाचा माणूस चुकला हे स्टँडमध्ये बसून कळायचे. आता मधोमध एकच नट असतो. सगळ्या गाड्या जवळपास सारख्या झाल्यामुळे मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर मागचा माणूस वेगवान असूनही पुढच्याला ओलांडू शकत नाही. फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मोठ्या ट्रॅकवर तर पुढचे ड्रायव्हर पेट्रोल वाचवण्यासाठी ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून तांडा हाकल्यासारखे चालवतात, कारण कमी पेट्रोल भरावे लागले तर पिटमध्ये, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी थांबण्याच्या जागी, दोन सेकंद वाचतात. शर्यतीत मुद्दाम हळू चालवणे पाहण्यासाठी मी तिकीट काढावे, ही अपेक्षा मला अजून पचलेली नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कोणाही जाणत्या माणसाने जुन्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत अर्नहार्ट गेला, त्या संध्याकाळी कनॅपोलिसमध्ये लोक रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवून नुसते बसले होते. त्यानंतर डोके आणि मान जखडून धरणारे साधन सक्तीचे झाले, भिंतींना धक्का शोषणारे आवरण आले, आणि तेव्हापासून कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी संस्थेचे बाकीचे पुष्कळ माफ करायला तयार आहे.

प्रेक्षक का गेले याची आणखी दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे जून २०२० मध्ये कॉन्फेडरेट झेंड्यावर, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्यावर, बंदी घातल्यामुळे दक्षिणेतला जुना प्रेक्षक रागावला. काही जण रागावले हे खरे आहे. पण टेनेसीतल्या ब्रिस्टल ट्रॅकच्या स्टँडची १९८२ पासून सलग ५५ शर्यतींची सगळी तिकिटे संपली होती आणि ती मालिका २०१० मध्येच तुटली. डेटोनाने २०१६ च्या नूतनीकरणात सुमारे १ लाख ४६ हजार जागांच्या १ लाख १ हजार केल्या. स्टँड आधीच ओस पडलेले होते. शिवाय ज्या मैदानात तो झेंडा फडकत असे, तिथे माझ्या रंगाचा माणूस सहकुटुंब किती मोकळेपणाने बसत होता, हे मला कोणी विचारले नव्हते. बंदीनंतर माझी बायको पहिल्यांदा शर्यतीला आली, एवढे नोंदवून ठेवतो. दुसरे उत्तर पैशाचे, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. २००८ च्या मंदीने दूरवरून गाडी हाकत येऊन तीन दिवस मुक्काम ठोकणारी कुटुंबे कमी झाली. आता २०२५ पासूनच्या ७७० कोटी डॉलरच्या सात वर्षांच्या करारामुळे एक हंगाम पाहायचा तर फॉक्स, ॲमेझॉन प्राइम, टीएनटी आणि एनबीसी अशी चार दारे ठोठवावी लागतात. काका यांपैकी दोनच ठोठावतात.

तरीही मला वाटते की खोलवरचे कारण निराळे आहे. या खेळाच्या चालकांना आपल्या खेळाच्या संथपणाची लाज वाटू लागली. ज्याला खेळ कळत नाही अशा नव्या माणसाला खुर्चीत बसवण्यासाठी दर वर्षी काहीतरी चमचमीत वाढले गेले आणि ज्याला कळत होते त्याच्या ताटातला भात काढून घेतला गेला. संस्थेविरुद्ध मायकेल जॉर्डनच्या संघासह दोन संघांनी दाखल केलेला खटला गेल्या डिसेंबरमध्ये तडजोडीने मिटला, पण त्यात उघड झालेल्या खासगी संदेशांत तत्कालीन आयुक्तांनी अर्नहार्टच्या संघाचे मालक रिचर्ड चिल्ड्रेस यांना गावंढळ म्हणून हिणवल्याचे दिसले. पुढच्याच महिन्यात ते आयुक्त पायउतार झाले. चिल्ड्रेस आपले पाहून घेतील. परंतु ते वाचल्यावर काका जे गप्प झाले, त्यावरून तो शब्द कोणाकोणाला लागला हे मला कळले.

जानेवारी २०२६ मध्ये संस्थेने चौघांची ती अंतिम शर्यत रद्द केली. आता पहिल्या २६ शर्यतींनंतर गुणांवरून १६ ड्रायव्हर निवडले जातील, त्यांचे गुण नव्याने लावून उरलेल्या दहा शर्यतींची बेरीज धरली जाईल, आणि प्रत्येक विजयाला ४० ऐवजी ५५ गुण मिळतील. लहान ट्रॅकवर इंजिनाची ताकदही ६७० वरून ७५० अश्वशक्ती करण्यात आली आहे. संपूर्ण हंगामाची सरळ बेरीज मला जास्त आवडली असती, पण हेही कमी नाही, आणि बऱ्याच वर्षांनी मी वहीत गुण लिहायला सुरुवात केली आहे.

ही बातमी सांगायला मी काकांना फोन केला. नॉर्थ विल्क्सबरो या १९९६ नंतर ओस पडलेल्या ट्रॅकवर यंदा गुणांची शर्यत परत येत आहे, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "रॉकिंगहॅमला कप केव्हा येतो?" तिथे गेल्या वर्षीपासून खालच्या मालिकांच्या शर्यती पुन्हा होऊ लागल्या आहेत, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. मी कपचे विचारतो आहे."