पॅरिस न सोडता सुलताना कशी रंगवावी

१७५० नंतरच्या पॅरिसात चित्रं खपवायची असतील, तर ग्रीक देवतांना थोडी रजा द्या आणि सुलताना, म्हणजे तुर्की सुलतानाच्या जनान्यातल्या बेगमा, रंगवायला घ्या. पहिलं पथ्य: तुर्कस्तानात जायचं नाही. जिनिव्हाचा चित्रकार लिओतार १७३८ ते १७४२ कॉन्स्टँटिनोपलात राहिला आणि युरोपात परतला तो दाढी वाढवून, तुर्की झग्यात. आता लोक चित्राआधी दाढी बघतात.

कॉन्स्टँटिनोपलातला फ्रेंच राजदूत फेरिओल याने चित्रकार व्हानमूरकडून काढून घेतलेल्या तिथल्या पोशाखचित्रांची शंभर कोरीव पानं १७१४ च्या सुमारास छापून निघालीच आहेत. त्यांवरून बिनधास्त उचला. व्हानमूर १७३७ साली तिकडेच वारला, तेव्हा जाब विचारायला कोणी येणार नाही. शिवाय जनान्यात परक्या पुरुषाला शिरकाव नाही, म्हणजे चूक काढणारेही नाहीत!

चेहरा मात्र गिऱ्हाईक बाईंचाच हवा, पॅरिसच्या लालीसकट. पुढून उघडा झगा, खाली सलवार, केसांत मोती. अर्मिन या मुंगसासारख्या प्राण्याच्या पांढऱ्या फरवर काळी टोकं विरळच टाका. दाट झाली की बाईंना देवी आल्यासारख्या दिसतात. लोडाला रेलवण्यापूर्वी आतली व्हेलच्या पात्यांची ताठ चोळी उतरवायला सांगा. नाहीतर सुलताना भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी तिरपी होते.

चित्र दाराच्या वर, भिंतीत बसवायचं असेल तर सांभाळा. ते खालून पाहिलं जातं, तेव्हा बिनकानाच्या पेल्यातली कॉफी दिसता कामा नये. तसा जमिनीवरचा गालिचाही दिसायला नको, पण तो रंगवाच. गालिच्याशिवाय तुर्कस्तान ओळखायचा कसा?

नमुना हवा तर बेलव्ह्यूच्या वाड्यासाठी कार्ल व्हान लूनं रंगवलेली कॉफी पिणारी सुलताना बघा. तीत त्या वाड्याची मालकीण, पंधराव्या लुई राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर दिसते असं सांगतात. राजाशी तिचा शय्यासंबंध तोवर संपला होता, फक्त स्नेह उरला होता. अशा वेळी जनान्यातली पट्टराणी होऊन निजायच्या खोलीत दाराच्या वर बसण्याइतका मुत्सद्दीपणा मंत्र्यांनाही सुचला नसता.

कॉफी देणाऱ्या काळ्या दासीला नाव द्यायची गरज नाही. कॉफी येमेनच्या मोखा बंदराची आहे असं धरून चाला. फ्रान्सात येणारी बरीचशी मार्तिनिक आणि सँ-दोमँग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतींच्या मळ्यांतून, गुलामांच्या हातची येते, पण तो रंग या चित्रात बसत नाही.