फावड्याची खोली

"रूम पडतेय का, काका?"

ऐरोलीतल्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात फॅब्रिकेटर फीता आडवा टाकून बसलेला. मी त्याच्या डोक्यावर उभा. मागच्या गल्लीत एक स्कूटर थांबली आणि तिच्यावरच्या माणसाने इंजिन बंद न करता, एक पाय टेकवून, भिंतीवरून हे विचारलं. ‘काका’ मला अजून पचलेलं नाही, पण ते दुःख नंतर. आधीचं दुःख ८२,००० रुपयांचं होतं. फावडं, कुदळ, शिडी, बागेचा पाइप, दोन सायकली आणि मोडून न टाकता येणारा आकाशकंदील ठेवायला ८ बाय ६ची पत्र्याची शेड, आणि तिचं कोटेशन ८२,०००. खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’.

आता ८२,००० कुठून येतात ते बघा. सांगाड्याला ४० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप लागतो. चार खांब, वरखाली चौकट, छपराखाली दोन आडवे, भिंतींना कंबरेला एकेक पट्टी, दाराच्या दोन बाह्या. सगळं मिळून १३० फुटांच्या आसपास, म्हणजे सात पाइप, म्हणजे १०० किलो. मला मिळालेल्या भावाने, किलोला ७० धरले तर ७,०००. छप्पर आणि भिंतींना मिळून अडीचशे चौरस फूट रंगीत पन्हळी पत्रा, तुटफूट धरून २७०, फुटाला ४५ने १२,०००च्या वर. अडीचशे स्क्रू. खाली चार इंचांचा कोबा: तीन गोणी सिमेंट, दहा घनफूट क्रश सँड, वीस घनफूट खडी. रंग, कडीकोयंडा, पन्हाळ, टेम्पो, दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी. कितीही उदार मनाने बेरीज केली तरी ३७-३८ हजारांच्या पुढे जात नाही. उरलेल्या ४४ हजारांचं काय, असं विचारलं तर फॅब्रिकेटर आकाशाकडे बघतो.

मूळ गोम दर कशावर ठरतो त्यात आहे. किलोवर ठरला तर शेड लठ्ठ होते. जिथे एक पट्टी पुरते तिथे तो तीन लावतो आणि ‘मजबुती’ म्हणतो. चौरस फुटावर ठरला तर तीच शेड हडकुळी होते, आणि २ मिमीच्या जागी १.२चा पाइप येतो. रंग मारल्यावर दोन्ही जुळी भावंडं. गेजचं, म्हणजे जाडीच्या नंबराचं, तर विचारूच नका, आकडा वाढला की जाडी कमी होते, त्यामुळे ‘साहेब, १६ नको, १८ घ्या’ हे ऐकून भलताच आनंद होतो. यावर उपाय एकच. पाइप उतरला की तराजूवर टाकायचा. अख्खा पाइप १४ किलोच्या थोडा वर भरला तर २ मिमी, पावणेनऊ भरला तर १.२. तोंडावर गेज मागितलं तर वाद होतो, तराजू आणला की माणूस गप्प बसतो.

आणि अख्खा पाइप म्हणजे २० फूट, असं कळंबोलीच्या लोखंड बाजारात सगळेच म्हणतात. बरेचदा तो ६ मीटरचा असतो, म्हणजे १९ फूट ८ इंच. हे चार इंच कागदावर दिसत नाहीत, कापताना दिसतात. ८, ६ आणि ६ मिळून २० होतात, म्हणून माणूस ८ बाय ६ची शेड ठरवतो आणि प्रत्येक पाइपला फसतो. त्यात छपराला एक फूट उतार, म्हणजे तिरपा तुकडा ६ फुटांचा न राहता ६ फूट १ इंच होतो. शाळेत पायथागोरसला नावं ठेवली त्याचं हे व्याज. सरळ ७ फूट १० बाय ५ फूट ९ करा, पुढचे खांब ६ फूट १०, मागचे ५ फूट १०. सगळे तुकडे साडेएकोणीस फुटांत बसतात आणि आठवा पाइप वाचतो. वाचलेला आठवा पाइप कोटेशनमध्ये मात्र असतोच.

तर, "रूम पडतेय का?"

मी म्हटलं, "नाही हो, शेड आहे."

"तेच. किती फूट पडेल?"

"पंचेचाळीस."

"कार्पेट?"

मी गप्प. शेडला कार्पेट एरिया असतो हे मला माहीत नव्हतं. त्याने आता इंजिन बंद केलं, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली. इस्टेट एजंट होता. "पंचेचाळीस म्हणजे सिंगल माणूस. दोन बसवता येतील, शिफ्टवाले असले तर. एक रात्री, एक दिवसा. टॉयलेट तुमचंच कॉमन?"

"अहो, मला फावडं ठेवायचंय."

"काय?"

"फावडं. कुदळ. शिडी."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाभाऱ्यात चप्पल ठेवायला निघालोय. मग तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि फॅब्रिकेटरकडे वळला, हळू आवाजात, घरातल्या म्हाताऱ्यासमोर डॉक्टरशी बोलतात तसा. "काकांना समजावा जरा. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट वीस तरी सुटेल. फावडं काय, बाहेर उभं राहतं."

आणि फॅब्रिकेटरने मान डोलावली! माझ्या फीत्याच्या माझ्या टोकाला बसून! "उंची दोन फूट वाढवली तर माळा निघेल," तो म्हणाला, "अठरा हजार वेगळे."

"माळ्यावर फावडं," एजंट म्हणाला. प्रश्न मिटला.

मी कायद्याचा आधार घेतला. म्हटलं, परवानगीशिवाय इथे सायकल ठेवायची मारामार, तुम्ही माणूस ठेवताय. तर म्हणे, "तात्पुरती आहे ना?" ही समजूत सार्वत्रिक आहे. पत्रा म्हणजे तात्पुरतं, आणि तात्पुरतं म्हणजे चालतंय. प्रत्यक्षात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ५५ तात्पुरत्या अनधिकृत बांधकामासाठीच आहे, आणि ते तडकाफडकी पाडण्याची मुभा देतं. ‘तात्पुरती आहे’ हा बचाव नव्हे, कबुली. हे मी त्याला सांगितलं. त्याने ‘बरोबर’ म्हटलं आणि विचारलं, "लाइटचा सबमीटर बसेल?"

कोकणात याला मांगर म्हणतात. घरापासून सुटा, चिऱ्याच्या नाहीतर कुडाच्या भिंती, वर पेंढा, आत गुरं, नांगर, गवत. मांगराला कोणी कार्पेट एरिया विचारला नाही. इकडे आमच्या घराच्या नकाशात देवघराचा कोनाडा आहे, वॉशिंग मशीनचा नळ आहे, शिडी उभी करायला वीतभर जागा नाही. शिडी न वापरता राहणारा माणूस नकाशावाल्यांनी कुठे पाहिला देव जाणे. आणि पंचेचाळीस फुटांत दोन पाळ्यांनी माणसं झोपवायचा हिशेब त्या एजंटने दहा सेकंदांत केला, त्याअर्थी तो रोज करत असणार. मी फावड्यासाठी भांडत होतो. मला त्या क्षणी फावड्याचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

असो. जे फॅब्रिकेटर सांगत नाही ते सांगतो. शेड पडत नाही, उडते. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. त्याचा दाब काढला तर एवढ्याशा छपरावर ढोबळमानाने अर्धा टन उचल येते, आणि अख्ख्या शेडचं वजन भरतं २०० किलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूला धडकलं तेव्हा कोकणात पत्रे कुठून कुठे गेले ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून प्रत्येक खांबाखाली सहा इंची, ६ मिमी जाड प्लेट आणि कोब्यात चार अँकर बोल्ट. कोबा टनाच्या वर भरतो, शेडला धरून ठेवणारा तोच. ‘वजनाने बसेल’ म्हणणाऱ्याला शेजारच्या गच्चीचा पत्ता देऊन ठेवा.

पत्र्याची जोडणी वाऱ्याकडे पाठ करून. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, तेव्हा पहिला पत्रा ईशान्येच्या टोकाला आणि पुढचा त्याच्यावर चढवत यायचं. उलटं केलं की जूनमध्ये प्रत्येक सांधा पाणी पितो. छपरावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही. पाणी खळग्यातून वाहतं, एवढं साधं. रबरी वॉशर जेमतेम दबेल इतकंच आवळायचं. आमचा कारागीर प्रत्येक स्क्रूवर जुना सूड उगवत होता. वॉशर चहूकडून बाहेर आले की गळती पक्की. पत्रा ग्राइंडरने कापू द्यायचा नाही, ठिणग्यांनी कडेचा रंग आणि जस्त जळतं. भोकं पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच संध्याकाळी झाडून काढायचा, नाहीतर खाडीच्या खाऱ्या हवेत सकाळपर्यंत पत्र्यावर गंजाचे ठिपके उठतात. वेल्डिंगची खपली फोडून मगच प्रायमर. पाइपची उघडी तोंडं प्लेटने बंद, कारण पाइप बाहेरून नव्हे, आतून सडतो. आणि पत्रा कोब्यापासून इंचभर वर. ओलं सिमेंट जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा लेप खातं.

तयार प्लॅस्टिकच्या शेडही मिळतात. त्यांनाही बोल्ट लागतात, आणि बोल्टला कोबा.

कोटेशन घासाघीस करून ५८,०००वर आलं, तेही माळा वजा करून. वर १८ टक्के जीएसटी. रविवारी सकाळी कोब्याच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, चुन्याची रेघ मारली. अकराच्या सुमारास बेल वाजली. एजंट, त्याच्यासोबत एक तरुण, पाठीला सॅक. दोघेही चपला बाहेर काढून घरातून मागे आले आणि चुन्याच्या चौकोनासमोर उभे राहिले. तरुण आत गेला, म्हणजे रेघ ओलांडली, एका बाजूला उभा राहिला, मग आडवा हात करून अंदाज घेतला.

"पाणी किती वाजता येतं?" त्याने विचारलं.

आणि मी सांगितलं, "सहा ते आठ."