परत बघायला येऊ का?

घर एकदा बघून आवडलं की दुसऱ्यांदा बघायला मागताना चांगली चांगली माणसं संकोचतात. "त्यांना काय वाटेल", "एजंट म्हणेल नुसता टाइमपास चाललाय", "आधीच त्यांचा एक रविवार खाल्लाय". आणि ज्यांना संकोच ठाऊकच नाही ते खाली गाडी लावून फोन करतात, "इकडून चाललोच होतो, सासरे बरोबर आहेत, दोन मिनिटं वर येऊ का?"

मागच्या काही वर्षांत आम्ही आधी सासूबाईंचा कोथरूडचा फ्लॅट विकला आणि नंतर आमच्यासाठी एक जुनाच घेतला. त्यामुळे दार उघडणारी आणि बेल वाजवणारी, दोन्ही भूमिका करून झाल्या आहेत. माझं मत सरळ आहे. परत बघायला जावं, हवं तर तिसऱ्यांदाही जावं. फक्त या खेपेला काय बघायचंय ते आपलं आपल्याला माहीत असावं आणि समोरच्याला आधी सांगितलेलं असावं. एवढं पाळलं तर बाकी फारसं काही शिकवावं लागत नाही.

संकोच करणाऱ्यांसाठी आधी हिशेब. पुणे महापालिका हद्दीत ९० लाखांचा रीसेल फ्लॅट घेतलात तर ७ टक्क्यांनी ६ लाख ३० हजार मुद्रांक शुल्क (खरेदी बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट), नोंदणीचे ३० हजार, एजंटचे टक्का-दोन टक्के, शिवाय सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, जो २५ हजारांच्या वर घेता येत नाही. घर नाही आवडलं म्हणून यातला एक रुपया परत मिळत नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याने अजून अर्धा तास मागितला तर कोणाच्या कपाळाला आठी पडायचं कारण नाही. पडलीच तर ती आठी नीट बघून ठेवा.

कारण पहिल्या खेपेला आपण घर बघतच नाही. पंधरा-वीस मिनिटांतली निम्मी "तुम्ही मूळचे कुठले" यात जातात. (आडनाव ऐकून पुढचं ठरवणाऱ्यांवर वेगळी पोस्ट लिहायची आहे, इथे नको.) उरलेल्या वेळात हॉलमध्ये उजेड किती, ओटा कुठल्या बाजूला, आपला सोफा इथे मावेल का, एवढंच डोक्यात असतं. भिंत, नळ, पार्किंग, शेजार हे सगळं घरी परत जाताना गाडीत आठवतं.

म्हणून दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जा. रविवारी सकाळी अकराला सगळीच घरं गुणी असतात. कॉर्पोरेशनचं पाणी यायच्या वेळेला जा. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी चारला जा. रात्री नऊनंतर फक्त खाली जाऊन पार्किंग बघा, त्यासाठी कोणाची बेलसुद्धा वाजवावी लागत नाही. मागे मंगल कार्यालय असेल तर लग्नाच्या तिथीला एक चक्कर मारा. बाणेर, वाघोली, उंड्री या भागांत बघत असाल तर एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात ते वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

आणि सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचा. मला तर वाटतं, निम्मं घर तिथेच बघून होतं. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी, लिफ्टच्या कामाची वर्गणी, "पाण्याचा अपव्यय टाळावा" अशी लाल अक्षरातली विनंती, सगळं तिथे असतं. पुनर्विकासासाठी (म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधायला) सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या सभेची सूचना लागलेली असेल तर तुम्ही कुठलं घर विकत घेताय, आत्ता उभं आहे ते की पुढे होणारं, हा प्रश्नच बदलतो. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झालीय का, हेही त्याच खेपेला सेक्रेटरींना विचारून घ्यावं. हे प्रश्न घरमालकाच्या हॉलमध्ये बसून, त्यांच्या चहावर विचारण्यापेक्षा सोसायटीच्या ऑफिसात विचारलेले बरे.

टेप घेऊन येणारा माणूस मला आवडतो. जुन्या करारनाम्यांत बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं, जाहिरातीत कोणी सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटाही धरून) ठोकून देतं, आणि रेरा या घरबांधणीच्या कायद्यातला कार्पेट एरिया याहून वेगळा. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. खोल्या मोजल्याशिवाय स्क्वेअर फुटाचा भाव बोलण्यात अर्थच नाही. पण "मोजायला येतोय" असं फोनवर सांगून या म्हणजे आम्ही पलंगाखालच्या ट्रंका तरी सरकवून ठेवू.

सासूबाईंच्या घरी भर जुलैत एक तरुण जोडपं दुसऱ्यांदा आलं होतं. त्याने आदल्या दिवशीच फोन केला, "काकू, या वेळी फक्त ओल आणि पाणी बघायचंय, अर्धा तास लागेल, चालेल ना?" आले, चपला बाहेर काढल्या. त्याने विचारून पलंग थोडा पुढे ओढला आणि मागच्या भिंतीवर तळहात टेकवून उभा राहिला, डॉक्टरांसारखा. तिने तोवर स्वयंपाकघरातले, बाथरूममधले सगळे नळ एकदम सोडले, फ्लश ओढला आणि धार किती बारीक होते ते बघत राहिली. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "तिथे नाही रे, वरच्यांच्या बाथरूमची ओल या कोपऱ्यात होती, आता दुरुस्त केलीय, पण बघून घे." नीट विचारणाऱ्याला माणूस खरं सांगतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी घर घेतलं नाही, तो भाग वेगळा. पण घेणार नसल्याचं दोनच दिवसांत फोन करून सांगितलं, कारणासकट.

त्याच महिन्यात दुसरे एक गृहस्थ आले. पहिल्या खेपेला एकटे, दुसऱ्यांदा बायको, मुलगा, मेव्हणा आणि इंटीरियरवाला असा ताफा. मुलगा चपलेसकट बाल्कनीत. मेव्हण्याने न विचारता कपाट उघडलं, त्यात सासूबाईंच्या नऊवारी. इंटीरियरवाल्याने भिंतीतल्या देवघरावर टकटक करून म्हटलं, "हे सगळं उडवायचं, इथे काउंटर येईल." देवांची पूजा तासाभरापूर्वीच झालेली, फुलं ताजी होती. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण भावाची बोलणी सुरू झाल्यावर त्या आकड्यावरून एक रुपया खाली आल्या नाहीत, आणि घर सासूबाईंच्याच नावावर आहे हे त्या गृहस्थांच्या फार उशिरा लक्षात आलं. आम्हाला म्हणाल्या, "त्यांना सांग, पेढ्यांची घाई करू नका."

विकत घेतलेलं घर तुमचं आहे. पाडा, रंगवा, काउंटर करा. पण ती चर्चा जिन्यात करा, गाडीत करा. तीस-तीस वर्षं त्या ओट्यावर पोळ्या लाटलेल्या बाईसमोर "किचन अगदीच टाकाऊ आहे" म्हणून भाव पाडता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी घर विकलेलं नसावं. भाव त्याच सोसायटीत अलीकडे झालेल्या व्यवहारांवर बोलायचा असतो. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, त्यात किंमत असते) काढून समोर ठेवा, त्याचा परिणाम होतो.

फोटो आणि व्हिडिओचंही तेच. अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचं असतं, मान्य, आमच्या नात्यातही निम्मी घरं अशीच घेतली गेली. पण आधी सांगा. घरातली म्हातारी माणसं गाउनमध्ये असतात, औषधं टेबलावर असतात, कोणाच्या तरी फॅमिली ग्रुपवर आपलं कपाट आणि आपली कुलपं फिरावीत असं कोणालाच वाटत नाही.

वास्तूवाल्यांबद्दल मी जरा कडक आहे. माझा विश्वास नाही, तुमचा असेल, त्यावर भांडण नाही. पण भाव ठरला, दोन्हीकडची कागदपत्रं बघून झाली, आणि मग होकायंत्र घेऊन कोणीतरी येतो आणि "आग्नेयेला संडास आहे" म्हणून सौदा मोडतो, हे फार वाईट. संडास पहिल्या दिवशीही आग्नेयेलाच होता. होकायंत्र मोबाइलमध्ये असतं. दिशा बघायच्या असतील तर त्या पहिल्या दहा मिनिटांत बघा, आणि ज्यांचा शब्द तुमच्याकडे अखेरचा असतो, मग ते वडील असोत, सासरे असोत की गुरुजी, त्यांना दुसऱ्या खेपेलाच घेऊन या. तिसऱ्या, चौथ्या खेपेला नवा न्यायाधीश आणू नका.

एजंटचं एक. ज्याने घर दाखवलं त्याला टाळून दुसऱ्या खेपेला थेट मालकाच्या दारात जाणं, दलाली वाचवायला, ही चलाखी कोणाला लपत नाही. आमच्याकडे एकजण अशी आली होती. मी तिला एजंटमार्फतच या म्हणून सांगितलं. जी आज एजंटला बाजूला काढते ती उद्या टोकन दिल्यावर आमच्याशी कशी वागेल, असा साधा विचार केला. पण एजंट लोकांनीही "दुसरी पार्टी टोकन घेऊन बसलीय" हे पालुपद आता सोडावं. परत बघायला मागितलं की नेमकी ती दुसरी पार्टी उगवते. खरंच बसली असेल तर बसू दे. अशा घाईत टोकन देऊन मग "आता एकदा नीट बघू का" विचारणाऱ्यांची काय फरपट होते ते मी ओळखीत पाहिलंय.

विकणाऱ्यांनाही थोडं सांगायचंय. दुसऱ्यांदा कोणी येतंय म्हणजे त्याला तुमच्या घरात रस आहे, वैतागू नका. ओलीवर कपाट सरकवून आणि खोलीत धूप फिरवून काही लपत नाही. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. आणि पाहुण्यांच्या मागे मागे खोल्याखोल्यांतून फिरू नका. नवराबायकोला पाच मिनिटं बाल्कनीत एकटं सोडा, जे काय ठरायचं ते तिथे ठरतं.

सौदा पक्का झाल्यावरही काही फेऱ्या असतात, त्या आधीच बोलून घ्याव्यात. कर्ज असेल तर बँकेचा व्हॅल्युएशनवाला येणार. माप घ्यायला सुतार येणार. आणि शेवटचे पैसे देण्याआधी, नोंदणीच्या आदल्या दिवशी, एकदा घर बघायलाच हवं. गीझर, चिमणी, पंखे, इन्व्हर्टर यातलं काय राहणार आणि काय जाणार याची यादी आधी लिहून दोघांनी सही केलेली असेल तर ती फेरी दहा मिनिटांत संपते. यादी नसेल तर लाखांचा व्यवहार करून माणसं पंख्यावरून अबोला धरतात.

आणि नाही घ्यायचं ठरलं तर कळवा हो. दोनदा, तीनदा आलात, चहा झाला, मुलांच्या शाळा कुठे पडतील तेही बोलून झालं, आणि मग फोन उचलणं बंद. विकणारा तुमच्यासाठी दुसऱ्याला थांबवून बसलेला असतो. "घर चांगलं आहे, आमच्या बजेटात बसत नाही, तुम्ही पुढे बघा." एवढ्या मेसेजला किती वेळ लागतो? वारंवार येण्यापेक्षा हा गप्प बसण्याचा प्रकार मला कितीतरी जास्त असंस्कृत वाटतो.

राहिला भाडेकरू. मालक राहतो बेंगळुरूला, घर विकायला काढलंय, आणि दर शनिवार-रविवारी बेल वाजल्यावर दार उघडायचं ते भाडेकरूने. घर विकलं गेलं की त्यालाच बाहेर पडायचंय, म्हणजे स्वतःच्या गैरसोयीसाठी स्वतःच दार उघडायचं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात आगाऊ सूचना देऊन घर बघायची मुभा बहुतेक वेळा लिहिलेली असते, पण त्याचा अर्थ एजंटने किल्ली लावून बाथरूमपर्यंत शिरावं असा होत नाही. बघायला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, तिथला संसार मालकाचा नसतो. त्यांच्या पसाऱ्यावर बोलू नये, आणि "तुम्ही कधी खाली करणार" हे त्यांना विचारू नये, ते मालकाला विचारावं.

माझं तर म्हणणं आहे, घर दाखवण्याच्या काळात मालकाने भाड्यात काहीतरी सूट द्यावी. आठवड्यातली एक ठरलेली वेळ ठेवावी, बाकी दिवस त्यांचे. माझ्या भावाचा चिंचवडला एक फ्लॅट विकायला आहे आणि त्याला हे अजिबात पटत नाही. "करारात नाही ते मी का देऊ?" म्हणतो. मग त्याच्या भाडेकरूंनी शनिवारी दार उघडलं नाही की मला फोन करून त्यांच्या नावाने बोटं मोडतो.