लेटरबॉक्सवर नाव नाही म्हणजे तू नाहीसच

चहाच्या टपरीवर आमच्या मित्रांत भांडण सुरू झालं सचिनच्या भाच्यावरून. पोरगा आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन, आणि 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल कामगार पाठवायचा करार केला तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच आहे, क्लासबिस सगळं लावून झालंय. सचिनला बिचाऱ्याला एवढंच विचारायचं होतं की पाठवू का नको. नित्या नेमका सुट्टीवर आलेला, तो असतो स्टुटगार्टला म्हणजे बरोब्बर त्याच राज्यात. आता स्टुटगार्ट हे नाव नाशिककरांना काही नवीन नाही, सातपूरची मायको म्हणजे आताची बॉश, तिचं मूळ घरच तिकडचं, त्यामुळे निम्म्या कॉलेज रोडवर कुणाचे ना कुणाचे काका तिकडे ट्रेनिंगला जाऊन चॉकलेटं घेऊन आलेले असतात. पण काका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर राहून आले, आणि नित्या भाड्याच्या खोलीत राहतो, फरक तिथे आहे.

सचिनने विचारलं, "तिकडे त्रास कसला होतो रे? भाषेचा का जेवणाचा?"

नित्या म्हणाला, "दोन्हीचा नाही. लेटरबॉक्सचा."

पम्या तिथेच फिस्सकन हसला. पम्याचं इगतपुरीला छोटं लॉज आहे, धम्मगिरीला विपश्यनेला येणारे लोक कोर्सच्या आधी एक रात्र आणि नंतर एक रात्र त्याच्याकडे उतरतात, त्यात फॉरेनर भरपूर, त्यामुळे परदेशी माणूस या विषयात आपल्यालाच सगळं कळतं असं त्याचं ठाम मत आहे.

तर लेटरबॉक्स. तिकडे बिल्डिंगला नंबर असतो पण फ्लॅटला बहुतेक ठिकाणी नंबरच नसतो, खाली बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लिहिलेलं असतं आणि पोस्टमन ते आडनाव बघून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर पत्र सरळ परत, फोन नाही, शेजारी चौकशी नाही, काही नाही. नित्या एका फ्लॅटमधली एक खोली घेऊन राहत होता, पेटीवर नाव मूळ भाडेकरूचं. आणि त्या देशात अजून सगळं महत्त्वाचं पत्रानेच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन वेगळ्या दिवशी वेगळ्या पाकिटात, टॅक्सचा अकरा आकडी नंबर तिसऱ्या पाकिटात. याचं कार्ड आलं नाही, पिन आला नाही, बँक म्हणते आम्ही पाठवला, आणि हा रोज सकाळी रिकामी पेटी उघडून बघतोय. शेवटी फ्लॅटमेटने सांगितलं की अरे तुझं नाव कुठंय पेटीवर. मग याने वहीचा कागद फाडून त्यावर पेनाने आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं. दोन दिवसांत बिल्डिंगच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे तो देखभालीवाला माणूस, ते काढून टाकलं, कारण सगळ्या पाट्या एकाच साइजच्या एकाच अक्षरातल्या पाहिजेत, आणि नवी पाटी करायची तर घरमालकाचं पत्र पाहिजे.

"पत्र!" नित्या ओरडलाच. "पत्र मिळावं म्हणून पत्र!"

अण्णा आत्तापर्यंत गप्प चहा पीत होते. अण्णा बँकेतून रिटायर झालेत, सगळं आयुष्य काउंटरच्या आत गेलेलं. ते म्हणाले, "मग चुकलं काय त्याचं? उद्या कुणीही येऊन पेटीवर कुणाचंही नाव चिकटवेल आणि दुसऱ्याचं कार्ड पळवेल."

"अण्णा, तुम्ही कायम त्याच बाजूला."

"मी बाजू नाही घेत बाबा. आत बसलेल्या माणसाकडे जो फॉर्म असतो ना, त्यात जेवढे रकाने तेवढीच माणसं जगात असतात. तू त्या रकान्यात बसत नाहीस, त्याला तो काय करणार?"

हे मला पटलं, पण नित्याचा मुद्दा वेगळा होता आणि तो नीट सांगायला त्याला दुसरा कटिंग लागला. तो म्हणाला की एकेक नियम घेतला तर प्रत्येक नियम शहाणाच वाटतो, घोळ होतो तो साखळीत. घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, आनमेल्डुंग म्हणतात, तिथल्या लोकांनाही करावं लागतं, आपल्यालाच काही वेगळं नाही. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, 2015 च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा. आता पहिल्या महिन्यात तू उतरणार कुठे तर हॉटेलात नाहीतर थोड्या दिवसांच्या खोलीत, आणि तिथला मालक बरेचदा सही देत नाही. सही नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्सचा नंबर नाही, तो नाही तर ऑफिसवाले सगळ्यात चढ्या दराने टॅक्स कापू शकतात, पुढे परत मिळतो पण पुढे म्हणजे पुढे. बरं मग पक्कं घर शोधायला जा तर मालक म्हणतो मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा दाखव आणि शूफाचा रिपोर्ट दाखव, म्हणजे आपल्या सिबिलसारखं. गेल्या आठवड्यात विमानातून उतरलेल्या माणसाच्या तीन स्लिपा कुठून येणार? आणि नोंदणीला जायचं तर टर्मिन पाहिजे, अपॉइंटमेंट, मोठ्या शहरात कित्येकदा ती दोन आठवड्यांच्या पुढचीच मिळते, म्हणजे नियम तोडल्याशिवाय नियम पाळताच येत नाही. दंड सहसा लावत नाहीत म्हणा, पण नवीन माणसाची झोप उडते ती उडतेच.

"आणि तिथल्या पोरांना हे माहीतच नसतं," नित्या म्हणाला. "माझ्या टीममधल्या पोराला मी विचारलं, तू टॅक्स नंबर कसा काढलास? तो म्हणाला, काढला म्हणजे? तो असतोच की. जन्मल्यावर घरी येतो त्यांना तो."

पम्याने इथे तोंड उघडलं. "हे बघ, तुझं रडगाणं ऐकलं. तुला तिकडून पगार मिळतो ना? मग बस. माझ्याकडे जे गोरे येतात ना ते स्वतःचे पैसे घालून येतात, आणि त्यांचं आपण काय करतो ते बघ एकदा येऊन."

आणि मग त्याने जे सांगितलं ते मला जर्मनीपेक्षा जास्त लागलं, कारण हे आपल्या नाकाखाली चालतं आणि आपल्याला दिसत नाही.

फॉरेनर उतरला की लॉजवाल्याने 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, सी फॉर्म म्हणतात त्याला, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, पुढे कुठे जाणार, फोटो सकट. त्यासाठी लॉजवाल्याकडे लॉगिन पाहिजे. ते बऱ्याच बारक्या लॉजवाल्यांनी काढलेलंच नसतं, मग ते सरळ सांगतात फॉरेनर नॉट अलाउड. रात्री उशिरा गाडीतून उतरलेली बाई पाठीवर सॅक घेऊन तीन-तीन लॉजवर जाते आणि खोल्या रिकाम्या असून तिला नाही म्हणतात. तिला वाटतं आपल्या रंगामुळे असेल. कारण असतं पासवर्ड.

"आणि पैसे," पम्या म्हणाला. कोर्स संपवून माणूस बाहेर येतो, दहा दिवस मौन, मोबाईल जमा, एकदम शांत होऊन आलेला असतो. टपरीवर जातो, चहा आणि वडापाव मागतो, पाचशेची नोट काढतो. टपरीवाला म्हणतो सुट्टे नाहीत, स्कॅन करा. स्कॅन कशाने करणार? यूपीआयला इथलं खातं पाहिजे आणि खात्याला जोडलेला इथला मोबाईल नंबर पाहिजे. परदेशी प्रवाशांसाठी वेगळं वॉलेट काढलंय, 2023 मध्ये जी-ट्वेंटीच्या वेळी सुरू झालं, पण पम्याच्या गिऱ्हाइकांपैकी ज्याला ते ठाऊक आहे असा माणूस त्याला अजून भेटायचाय. सिम घ्यायला जा तर दुकानदार इथला पत्ता मागतो आणि इथल्या ओळखीच्या माणसाचा नंबर मागतो. ओळखीचा कोण? पम्या! मग पम्याच्या फोनवर कुठल्या तरी इटालियन माणसाच्या सिमचा ओटीपी येतो, पम्या शेतावर असतो, इटालियन दुकानात उभा.

"मी त्यांचं चालतं-बोलतं एटीएम झालोय. कॅश घ्यायची आणि माझ्या यूपीआयवरून पेमेंट करायचं. एकीने तर माझ्याकडून कांद्याची भजी, रिक्षा आणि त्र्यंबकच्या गाडीचं भाडं सगळं भरून घेतलं आणि शेवटी हिशोब वहीत लिहून दिला, पैशा-पैशासकट."

"जर्मन असेल," नित्या म्हणाला.

"जर्मनच होती."

सचिन वैतागला. म्हणाला तुम्ही दोघं स्पर्धा लावलीय का कुणाचा देश जास्त वाईट ते, माझ्या पोराचं सांगा. पण पम्या रंगात आला होता. वेरूळला आपल्याला तिकीट 40 रुपये आणि फॉरेनरला 600, हे तो मोठ्या तावातावाने बोलला, त्यावर मात्र माझं आणि त्याचं जमलं नाही. लेणी सांभाळायला कर कोण भरतं, आपण ना, मग ज्याने कर भरला नाही त्याने तिकीट जास्त द्यावं, यात परका म्हणून छळ कसला? पंधरापट हे जास्त आहे का, असेल, त्यावर बोला. पण पैसे देऊन सुटणारी गोष्ट आणि पैसे देऊनही न सुटणारी गोष्ट या एका तराजूत कशा घालता? त्या बाईला सहाशेचं काही वाटत नसेल. रात्री अकराला खोली नाकारली ते ती मरेपर्यंत सांगेल. खरंतर गोव्याच्या विमानतळावर 2024 च्या डिसेंबरमध्ये ज्या परदेशी प्रवाशांना सॅटेलाइटवर चालणारं छोटं यंत्र बॅगेत सापडलं म्हणून अडकवलं त्यांच्याबद्दल तो बोलला असता तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. डोंगरात हरवलं तर उपयोगी पडावं म्हणून ट्रेकिंगवाले ते यंत्र तिकडे सर्रास वापरतात, आणि आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाही हे त्यांना तिकीट काढताना कोण सांगणार?

अण्णांनी मध्येच वेगळं काढलं. "परदेश कशाला पाहिजे त्याला? अंबडला कंपन्यांत बिहारची पोरं येतात, त्यांना खोली देताना तुम्ही काय काय मागता ते आठवा." यावर कुणीच काही बोललं नाही, सचिनचीच तिथे चार खोल्यांची चाळ आहे.

मग सचिन म्हणाला, बरं ते सोड, रविवार वगैरे काय भानगड असते. ते नित्याने भराभर उरकलं. रविवारी दुकानं बंद, स्टेशनातली आणि बेकऱ्या सोडून, शनिवारी संध्याकाळी दूध संपलं तर संपलं. रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट जास्तीचे घेतात आणि बाटली मशीनमध्ये परत टाकली की मिळतात, हे मात्र त्याला फार आवडतं, आपल्याकडे गोदाघाटावर लावायला पाहिजे म्हणाला. घर भाड्याने घेतलं तर कित्येकदा किचन नसतं, म्हणजे ओटा, सिंक, कपाटं काही नाही, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले. टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओचे महिन्याला 18.36 युरो घरटी भरायचे. याला पत्ता नोंदवल्या-नोंदवल्या त्याचंही पत्र आलं, फ्लॅटमेट आधीच भरत होता तर त्याच्या भरण्याचा नंबर उलट कळवावा लागला.

"ते पत्र बरोबर आलं," पम्या म्हणाला.

"ते येतंच."

सचिन इलेक्ट्रिशियनचं काय म्हणून हटून बसला तेव्हा नित्या पहिल्यांदा जरा थांबून बोलला. म्हणाला तिकडे या कामाला माणसं खरंच पाहिजेत, मान आहे, हाताने काम करणाऱ्याला कुणी कमी समजत नाही. पण आधी त्याचं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघतात, कमी पडलं तर तिकडे जाऊन राहिलेलं ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. दुसरं म्हणजे इलेक्ट्रिशियन व्हॅन घेऊन साइटवर फिरतो आणि आपलं लायसन तिकडे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडी चालवायची दोन्ही परीक्षा त्यांच्या पद्धतीने द्यायच्या, आणि खर्च काही थोडाथोडका नसतो. हे कुठल्या एजंटने सांगितलंय का त्याला? सचिनने मान हलवली.

"आणि सगळ्यात आधी नाव बघ. मार्कशीटवर आपलं आडनाव पुढे, पासपोर्टवर मागे, बापाचं नाव ते पोराचंच दुसरं नाव समजतात. मला अजून कधीकधी नुसतं 'दत्तात्रय' म्हणून हाक मारतात दवाखान्यात, मी उठतच नाही, नंबर जातो. ते एक वेळ चालतं रे. पण दोन कागदांवर स्पेलिंग वेगळं असलं तर तिथला माणूस म्हणणार ही दोन माणसं आहेत."

सचिनने चहाचा ग्लास खाली ठेवला. भाच्याच्या दहावीच्या मार्कशीटवर बापाचं नाव 'बाळू' लागलंय, शाळेत घालताना आजीने सांगितलं तसं. आधार आणि पासपोर्टवर 'बाळकृष्ण'.

"गॅझेट करा," अण्णा लगेच म्हणाले.

"अण्णा, ॲफिडेव्हिटवर भागतं," पम्या म्हणाला.

"तुला काय माहितीये? बँकेत रोज बघायचो मी. बापाच्या नावाला ॲफिडेव्हिट कोण विचारतं?"

"बापाचं नाव बदलायला पोराने गॅझेट करायचं का बापाने, ते सांगा मग!"

दोघांचे आवाज चढले तसा टपरीवाला बघायला लागला. सचिन बाजूला जाऊन बहिणीला फोन लावून बसला होता. "ताई, क्लासची फी नंतर भर. आधी त्याची मार्कशीट काढ कपाटातून आणि फोटो पाठव. नाही, आयटीआयचं पण. हो, आत्ताच. आणि दाजींना विचार त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावर काय आहे ते."