टॉप बॉक्सची किल्ली हरवली म्हणून बॉक्स फोडू नका

गाडीवर लांब फिरणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. टॉप बॉक्सची किंवा साइड बॉक्सची, म्हणजे मोटरसायकलच्या मागे किंवा दोन्ही बाजूंना बसवलेल्या सामानाच्या पेटीची, किल्ली हरवली तर काय करायचं, याचे उपाय त्यात दिलेत. ते थोडक्यात असे : ही कुलपं सगळी सारखीच असतात, दुसऱ्या कुणाची किल्ली लावून बघा. नाही लागली तर कुलपात डब्ल्यूडी-४० चा फवारा मारा. तरी उघडलं नाही तर स्क्रू ड्रायव्हर ठोकून पान्याने फिरवा, आणि शेवटी ड्रिल नाहीतर ग्राइंडर. खाली ठळक अक्षरांत ताकीद आहे की कागदपत्रं आत असतील तर अजिबात वेळ घालवू नका, चावीवाल्याच्या नादी लागू नका, तोही कुलूप फोडूनच देतो, आणि कंपनीकडे गेलात तर नवा बॉक्सच गळ्यात मारतात.

हे वाचून रस्त्याच्या कडेला कुणीतरी आपला धडधाकट बॉक्स फोडून बसतो, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो. आत रेनकोट असतो, कुणाची रक्तदाबाची गोळी असते, घाई होणारच. पण किल्ली हरवली एवढ्याने बॉक्सचं काहीही बिघडलेलं नसतं. बिघडतो तो नंतरच्या झटापटीत.

पहिला मुद्दा, सगळी कुलपं सारखीच. यात थोडं तथ्य आहे. स्वस्तातल्या बॉक्सना कारखान्यात मोजक्याच नमुन्यांची कुलपं बसवलेली असतात, त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्सची किल्ली कधीकधी बरोब्बर लागते. सोबतच्या मित्राकडे तोच बॉक्स असेल तर जरूर बघा. मात्र बघायचा तो किल्लीवरचा नंबर. बऱ्याच कंपन्यांच्या किल्लीच्या डोक्यावर छोटा कोड कोरलेला असतो. तो जुळला तर किल्ली जुळली. नुसती दिसायला सारखी किल्ली अर्धी आत जाते, मग माणूस ती दाबतो, हिसका देतो, आणि तिचा तुकडा आत राहतो. आता चावीवाल्याला आधी तुकडा काढायचा आणि मग किल्ली बनवायची, अशी दोन कामं झाली. किल्ली शेवटपर्यंत अलगद गेली आणि दोन बोटांच्या जोराने फिरली तरच ती तुमची.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालेलं रसायन. धातूवरचं पाणी हटवायचं आणि गंज रोखायचा, हे त्याचं मूळ काम. ते कुलपाच्या आतल्या पात्या उचलून देत नाही. किल्लीच नसेल तर अख्खा डबा रिकामा केलात तरी कुलूप जागचं हलणार नाही.

हा उपाय इतका पसरला त्याचं कारण मला वेगळंच दिसतं. पुष्कळदा किल्ली हातात असते, पण कुलूप फिरत नाही, आणि लोक समजतात की किल्ली चुकीची आहे किंवा झिजली आहे. पावसाळ्यात चिखलाचं पाणी उडून, किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेत गाडी महिनोन्‌महिने उभी राहून कुलूप धरतं. तेव्हा फवारा मारावा, पण लगेच किल्ली पिरगाळू नये. आधी ती नुसती आत-बाहेर करावी, काळं निघेल ते फडक्याने पुसावं, पुन्हा घालावी. आणि याहीपेक्षा साधी गोष्ट म्हणजे बॉक्स ठासून भरलेला असतो. आतलं जॅकेट झाकणाला खालून वर रेटत असतं, त्या ताणाने कडी खाचेत घट्ट रुतते आणि किल्ली फिरत नाही. एका हाताच्या तळव्याने कुलपाच्या जवळ झाकण खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवा. बिघडलं म्हणून सोडून दिलेली कुलपं एवढ्यानेही उघडतात.

आता स्क्रू ड्रायव्हर. या मजकुरातला सर्वांत नुकसानीचा सल्ला हाच.

बहुतेक बॉक्सच्या कुलपात एक गोल दांडी असते आणि तिच्यात पातळ पितळी पात्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येक पातीमागे केसाएवढी स्प्रिंग. किल्ली नसताना या पात्या दांडीबाहेर डोकावून भोवतालच्या नळीच्या खाचेत अडकतात, म्हणून दांडी फिरत नाही. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक पातीला नेमकं तिच्या मापाएवढंच सरकवतात, सगळ्या पात्या दांडीच्या पोटात जातात आणि ती मोकळी होते. स्क्रू ड्रायव्हर ठोकला की हे मापाचं काम संपलं. पात्या वाकतात, तोंडाची चीर फाकते. वर पान्याचा जोर लावला की काहीतरी तुटतं, आणि ते कडीच असेल असं मुळीच नाही. दांडीच्या मागच्या टोकाला कडी ओढणारी एक जीभ असते. ती जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची किंवा चक्क प्लॅस्टिकची असते आणि सगळ्यात आधी तीच मोडते. मग दांडी गरगर फिरते, कडी जिथल्या तिथे आणि झाकण बंद. संध्याकाळी जॅकेटच्या अस्तरात हरवलेली किल्ली सापडली तरी आता तिचा उपयोग नाही. ज्याला आधी फक्त किल्ली हवी होती त्याला आता कुलूपही हवं, आणि बॉक्स उघडायचा प्रश्न तर तसाच राहिला.

ड्रिलबद्दल वाद नाही. कुलूप खरोखर निकामी झालं असेल तर ते ड्रिलने काढावं लागतं. पण ते जाणकाराने, नेमक्या जागी, बारीक बिट लावून करायचं काम आहे. तसं केलं तर फक्त दांडी जाते, बॉक्स राहतो. ग्राइंडर मात्र नकोच. लडाखच्या वाटेवर लोक जादा पेट्रोलचा कॅन गाडीलाच बांधतात, पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते, बॉक्सच्या आत पॉवर बँक नाहीतर कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी असते. तिथे ठिणग्या उडवायचा सल्ला देणाऱ्याने क्षणभरही विचार केलेला नाही.

चावीवाला कुलूप फोडूनच देतो, हे वाक्य वाचून मला मनापासून वाईट वाटलं. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक शहरात बाजारपेठेच्या तोंडाशी किल्ल्यांचे घोस टांगून बसलेला कारागीर असतो. शिकलगार समाजातल्या अनेकांचा हा पिढीजात व्यवसाय. पूर्वी हत्यारांना धार लावणारे हे हात पुढे कुलूप-किल्लीकडे वळले. त्यांचं काम एकदा शेजारी उभं राहून बघा. तो आधी कुलपाच्या चिरेत डोकावतो आणि घोसातून त्या मापाची कोरी किल्ली काढतो. ती मेणबत्तीवर धरून काजळी चढवतो. मग कुलपात घालून अगदी हलका ताण देत जरासा झोका देतो आणि बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो. जिथे पाती घासली तिथली काजळी उडालेली असते, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकतो. तिथे कानशीचा एक हात, फार तर दोन. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा उजेड. ठिपके एकेक करून दिसेनासे होतात आणि कधीतरी दांडी अलगद फिरते. यात कुलपाला ओरखडासुद्धा येत नाही, आणि हातात चालणारी किल्ली मिळते. जाणता चावीवाला आधी गाडीची आरसी बघायला मागतो. त्याचा राग मानू नका, ती चौकशी तुमच्याच बॉक्सच्या राखणीसाठी आहे. एक गोष्ट त्याच्याही हातात नसते. स्क्रू ड्रायव्हरने वाकलेल्या पात्यांवरून त्याला माप काढता येत नाही.

चावीवाला जवळ नसेल तर? त्या मजकुरात पुढचं पाऊल थेट ग्राइंडरचं आहे, आणि सगळ्यात साधा मार्ग त्यात नाहीच. टॉप बॉक्स ज्या प्लेटवर बसतो ती बहुधा युनिव्हर्सल, म्हणजे बहुतेक गाड्यांना बसणारी प्लेट असते. तिचे बोल्ट वरून, म्हणजे बॉक्सखाली झाकलेले असतात, पण नट आणि क्लॅम्पच्या पट्ट्या कॅरिअरच्या खालच्या बाजूला असतात. वाकून हात घातला की लागतात. साधारण ६ मिमीचे बोल्ट असतात, म्हणजे टूलकिटमधला दहा-अकराचा पाना पुरतो. वरचा बोल्ट सोबत फिरायला लागला तर पट्टी खाली ओढून धरा. प्लेटसकट बॉक्स सुटून येतो. तो मित्राच्या गाडीवर बांधा, गावातल्या चावीवाल्याकडे पाठवा, तुम्ही चहा घ्या. काही मॉडेलना खास बनवलेल्या प्लेट असतात, त्यांना खालून हात पोचत नाही. साइड बॉक्स असे सुटत नाहीत, त्यांना फ्रेमच काढावी लागते आणि ते गॅरेजचं काम आहे. पण टॉप बॉक्ससाठी हा मार्ग आधी तपासायलाच हवा. (यावरून हेही कळतं की कुलूप लावलेला बॉक्स तिजोरी नव्हे. लॉजवर मुक्काम असेल तर बॉक्स काढून खोलीत न्या.)

कागदपत्रं आत आहेत आणि पुढे नाकाबंदी आहे म्हणून फोडा, असंही त्यात लिहिलंय. गोव्याकडे उतरताना ही भीती बऱ्याच जणांना असते. २०१८ मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलंय की डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधली आरसी आणि लायसन्स मूळ कागदांसारखीच ग्राह्य धरावीत. मोबाइल खिशात असेल तर कागदांसाठी बॉक्स फोडायची वेळच येत नाही.

राहता राहिला कंपनीचा मुद्दा. हाही चुकीचा. गिव्ही ही १९७८ साली जुझेप्पे विसेंझी या मोटरसायकल रेसरने इटलीत सुरू केलेली कंपनी, आज तिचे बॉक्स आपल्याकडच्याही पुष्कळ गाड्यांवर दिसतात. तिचे कुलपांचे संच सुटे विकले जातात. एसएल१०१ मध्ये एक कुलूप, एसएल१०२ मध्ये दोन, एसएल१०३ मध्ये तीन, आणि संचातली सगळी कुलपं एकाच किल्लीने चालणारी. म्हणजे कुलूप गेलं तरी बॉक्स टाकावा लागत नाही, उलट तिन्ही बॉक्सना एक किल्ली करायची सोय होते. दुसऱ्या कंपनीचा बॉक्स असेल तर दुकानदाराला आधी किल्लीचा नंबर सांगून सुटी किल्ली किंवा कुलूप मिळतं का विचारा. नंबर माहीत असायला हवा, म्हणून किल्ली हातात आहे तोवर तिचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

आणि ज्याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही ती दुसरी किल्ली. नव्या बॉक्सबरोबर बहुतेक वेळा दोन किल्ल्या येतात. दुसरी कित्येकांच्या घरी गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये असते, काहींची मात्र बॉक्सच्याच आतल्या कप्प्यात, तिथे ती कुणाच्याच कामाची नाही. घरी असेल तर फोन करा. पुण्याहून रत्नागिरीला, कोल्हापूरहून पणजीला रोज बस सुटतात, आणि आपल्याकडे एसटीच्या पार्सलने किंवा खासगी बसच्या ऑफिसातून छोटं पाकीट दुसऱ्या गावी पोचवणं नवीन नाही. किल्ली जाड पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावून पाकिटात घालायला सांगा, म्हणजे ती कागद फाडून बाहेर पडणार नाही. पाकिटावर तुमचं नाव आणि मोबाइल नंबर एवढंच लिहायला सांगा, गाडीचा नंबर नको.