बोट ट्रेलरचा जॅक "मोठा घ्या, पुढे लावा": हा फॉरवर्ड पाळायच्या आधी थोडं थांबा

एप्रिल उजाडला की इकडे मिशिगनमध्ये बोटींवरची कव्हरं निघतात आणि त्याच्याबरोबर तो एक मेसेजही दरवर्षी फिरायला लागतो. यंदा मला तीन मराठी ग्रुपवर आला, आणि आमच्याच दोन मित्रांनी तो वाचून जॅक ऑर्डर पण केले, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मेसेज साधारण असा आहे: "बोट ट्रेलरचा जॅक बदलताय? सरळ 2,000 पौंडांचा घ्या, जितकं रेटिंग जास्त तितकी सेफ्टी. कपलरला अगदी चिकटून लावा, तिथे लोड सगळ्यात कमी येतो. बोल्ट ढिले होतात, वेल्ड मारून टाका. चाकवालाच घ्या, ढकलायला बरा आणि उभा करायलाही बरा. पंक्चर झालं तर टायर बदलायलाही तोच कामाला येतो."

यातल्या काही वाक्यांत अर्धं खरं आहे, बाकीची साफ चूक आहेत, आणि त्यातल्या दोन गोष्टी केल्या तर कुणाच्या तरी पायावर ट्रेलर पडेल.

नवीन लोकांसाठी आधी दोन ओळी. ट्रेलरचा पुढचा दांडा म्हणजे टंग, त्याच्या टोकाला गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसतो तो कपलर, आणि गाडी सोडवल्यावर टंग ज्याच्यावर उभी राहते तो जॅक. माझे आजोबा बैल सोडले की गाडीच्या पुढच्या बाजूला एक लाकडी टेकू लावायचे, त्याला शिपाई म्हणायचे, आपला जॅक म्हणजे तोच शिपाई. आणि आजोबांचे अजून दोन शब्द इथे जसेच्या तसे लागू होतात: ओझं पुढे जास्त झालं तर गाडी धुरजड, मागे जास्त झालं तर उलाळ. जॅक निवडताना आपली गाडी धुरजड आहे की उलाळ हे आधी माहीत पाहिजे, आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच पत्ता नाही.

"जितकं रेटिंग जास्त तितकी सेफ्टी."

माझा पहिला जॅक 1,000 पौंडांचा होता आणि तो वाकला तेव्हा त्याच्यावरचं नेहमीचं वजन 150 पौंडही नव्हतं. हे कसं ते सांगतो. माझी 19 फुटी अ‍ॅल्युमिनियमची फिशिंग बोट, मागे 115 हॉर्सपॉवरचं इंजिन, एक अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच आसाचा ट्रेलर, सगळं सामान आणि पेट्रोल धरून साधारण 3,000 पौंड. त्या दिवशी ड्राइव्हवेवर ट्रेलर गाडीपासून सोडवलेला, आणि मी आणि शेजारचा मित्र बॅटऱ्या काढायला म्हणून दोघंही एकदम मागच्या बाजूला चढलो. मेव्हणा पुढे टंगपाशी उभा होता. त्याचा "अरे अरे अरे" ऐकू आला आणि मी वळून बघतोय तर जॅकचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. आम्ही घाबरून दोघंही पुढे धावलो, टंग धाडकन खाली आली, चाक तिरकं टेकलं आणि जॅकची नळी ब्रॅकेटच्या, म्हणजे जॅक टंगला धरणाऱ्या पट्टीच्या, खाली वाकली. मेव्हण्याचा पाय तिथून वीतभर लांब होता. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

नंतर मोजलं तेव्हा कळलं की कपलरवर फक्त 110 पौंड होते, म्हणजे एकूण वजनाच्या 4 टक्केसुद्धा नाहीत. साध्या ट्रेलरला 10 ते 15 टक्के पुढे पाहिजे म्हणतात, बोट ट्रेलरला इंजिन मागे असल्यामुळे त्यापेक्षा थोडं कमी चालतं, पण 4 टक्के म्हणजे सरळ सरळ उलाळ गाडी. कपलरपासून अ‍ॅक्सल 15 फूट, म्हणजे पुढे दाबणारा जोर (वजन गुणिले अंतर) 110 गुणिले 15, म्हणजे 1,650. आम्ही दोघं मिळून 350 पौंड, अ‍ॅक्सलच्या मागे 6 फुटांवर, म्हणजे 2,100. टंग उचलली जाणारच होती. तिथे 2,000 पौंडांचा जॅक असता तरी तो पण तसाच हवेत गेला असता, कारण जॅक खालून टेकू देतो, टंगला खाली धरून ठेवत नाही.

डब्यावरचं रेटिंग हे सरळ उभ्या वजनाचं असतं. घरगुती बोटींचे जॅक मरतात ते आडव्या जोराने: चाक ड्राइव्हवेच्या भेगेत अडकलेलं असताना आपण ट्रेलर ढकलतो, किंवा बॉलवरून कपलर पूर्ण सुटायच्या आधीच कुणीतरी गाडी पुढे घेतो. आणि नळी जितकी जास्त बाहेर काढलेली तितका तो आडवा जोर ब्रॅकेटवर जास्त येतो, म्हणून ढकलायचं असेल तेव्हा जॅक शक्य तेवढा खाली उतरवून मगच ढकला. मी आता फुल्टन कंपनीचा एफ-2 लावलाय, तो 1,600 पौंडांचा आहे, पण मी तो आकड्यासाठी घेतला नाही, रुंद जोडचाक आणि जाड ब्रॅकेटसाठी घेतला. अपग्रेड करायचं तर हे बघा: नळी केवढी जाड, ब्रॅकेट टंगला किती लांबीवर धरतो, चाक एक की दोन, आणि जॅक एकूण किती इंच वर जातो.

"कपलरला चिकटून लावा, लोड कमी येतो."

हे त्यातलं एक अर्धं खरं वाक्य. लोड कमी येतो हे बरोबर, पण किती कमी ते कुणी मोजलंय का? मी मोजलं. वरच्या प्रकारानंतर विंच पोस्ट, म्हणजे बोटीचं नाक जिथे टेकतं तो खांब, 8 इंच पुढे घेतला, त्याच्याबरोबर बोट 8 इंच पुढे आली आणि कपलरवरचं वजन 110 वरून 210 च्या आसपास गेलं. ट्रेलरच्या चाकांना हातही न लावता नुसती बोट सरकवून गाडी उलाळची ठीक झाली, हे जॅकच्या आधी करायचं काम आहे. आता या 210 वर हिशोब करा. जॅक कपलरच्या 1 फूट मागे असेल तर त्याच्यावर 225 पौंड येतात, 2 फूट मागे 242, 3 फूट मागे 262. म्हणजे 1 फूट आणि 3 फूट यात फरक फक्त 37 पौंडांचा, आणि 1,000 च्या जॅकला 37 पौंड म्हणजे काहीच नाही! एवढ्यासाठी कपलरला चिकटायचं आणि त्याच्यापायी बाकीचा त्रास ओढवून घ्यायचा?

त्रास काय ते पण सांगतो. पिकअपचा मागचा फळका खाली पाडला की तो बॉलच्याही मागे येतो आणि जॅकच्या डोक्यावर आपटतो. एसयूव्ही असेल तर मागचं दार वर जाताना हँडलला लागू शकतं. रिव्हर्स घेताना तीव्र वळणात बंपरचा कोपरा टंगच्या अगदी जवळ येतो. ज्यांच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलर पुढे रेटतो त्या जोरानेच लागणारा ब्रेक) आहे त्यांच्या कपलरचा पुढचा भाग ब्रेक लागताना आत सरकतो, त्या सरकत्या भागावर जॅक लावायचा म्हणजे ब्रेकच अडवून ठेवायचा. आणि ज्यांची टंग गॅरेजमध्ये मावावी म्हणून बिजागरीवर दुमडते त्यांनी तर हा सल्ला अजिबात पाळू नका. जॅक बिजागरीच्या पुढे असेल तर टंग दुमडताना ट्रेलरचा टेकूच बाजूला जातो आणि बोटीचं नाक जमिनीवर येतं, तिथे जॅक बिजागरीच्या मागेच पाहिजे, लोड वाढला तरी.

जॅक कपलरपासून मागे घेण्याचा एक फायदा पण आहे जो मेसेजवाल्याला दिसला नाही. 10 इंच वर जाणारा जॅक कपलरच्या 3 फूट मागे असेल तर कपलर साडेबारा इंच वर जातो. बोट बाहेर उभी ठेवणाऱ्यांना हे फार कामाचं, कारण ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायचं बूच, मागे असतो, नाक वर पाहिजे तरच पावसाचं पाणी निघून जातं, आणि पाणी साठलं तर ते मागेच साठतं म्हणजे गाडी परत उलाळ.

मग मी कुठे लावला? आधी 3 फुटांवर होता, पण विंच पोस्ट पुढे आल्यावर हँडल अर्धा फेरा फिरायचं आणि पोस्टला खट्ट करून थांबायचं. म्हणून एक रविवार पुठ्ठ्याचा जॅक कापून, हँडलच्या फेऱ्याएवढा गोल पुठ्ठा त्याला टाचणीने लावून, टंगवर पुढे मागे सरकवत बसलो, बायको फळका पाडून वर करून बघत होती. 2 फुटांवर सगळं सुटं फिरलं. तिथेच, ड्रायव्हरच्या बाजूला लावला, कारण त्या बाजूला असला की गाडीत बसायला जाताना तो नजरेसमोर येतो, खाली राहिला असेल तर लगेच दिसतो. घरचं पुठ्ठ्याचं खोकं आणि एक तास, एवढाच खर्च आहे, बोल्ट आवळायच्या आधी हे कराच.

फिरवून आडवा करायचा जॅक असेल तर त्याचं चाक मागच्या दिशेला, बोटीकडे वर गेलं पाहिजे. त्याला आडवा धरून ठेवणारी पिन गाडी चालू असताना निसटली तर रस्त्याचा घासा त्याला मागेच ढकलतो. चाक पुढच्या दिशेला दुमडलेलं असेल तर तेच खाली पडून रस्त्यात रुततं आणि टंगसकट सगळं उचलायला बघतं. आणि पिन बसल्याचा आवाज आला म्हणून निघू नका, हाताने जॅक हलवून बघा, अर्धवट बसलेली पिन पण तसाच आवाज करते.

"वेल्ड मारून टाका."

नका मारू. बरेच बोट ट्रेलर गॅल्वनाइझ्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले असतात, वेल्ड मारला की जस्ताचा थर जळतो, त्याचा धूर छातीत गेला तर थंडी भरून ताप येतो, आणि थर जळला की गंज तिथूनच सुरू होतो, मग तो ट्रेलर पाण्यात बुडवायचा आहे हे लक्षात घ्या. भोक पाडणं हेही थोड्या प्रमाणात तेच. टंगच्या पुढून एक प्लेट, मागून एक प्लेट आणि बाहेरून चार बोल्ट, असा आवळायचा ब्रॅकेट मिळतो, तो टंगच्या मापाचा घ्या, 3 बाय 3, 3 बाय 4, 3 बाय 5 इंच अशी मापं असतात, बोल्टची लांबी त्यावर ठरते. बोल्ट ढिले होतात ही तक्रार खरी आहे, त्यावर उपाय म्हणजे पहिल्या ट्रिपनंतर पाना घेऊन परत आवळणं. मी बोल्टच्या टोकाशी आणि प्लेटवर मिळून एक पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवलीय, रेघ तुटलेली दिसली की कळतं. ट्रेलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ब्रॅकेटचं लोखंड थेट त्याला टेकवू नका, मध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी द्या, दोन धातू ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

"चाकवालाच घ्या."

ढकलायला चाक बरं, यात वाद नाही. पण उभं ठेवायला चाक म्हणजे ट्रेलरला घरंगळायची मोकळीक दिल्यासारखं आहे, इकडच्या बोट ट्रेलरला हँडब्रेक नसतो. कपलर उचलायच्या आधी, परत लिहितो, आधी, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा. आमच्या नोव्हायच्या ड्राइव्हवेला इतका थोडा उतार आहे की पाणी पण सावकाश जातं, तरी त्यावर ट्रेलर सरकतो. दुसरं म्हणजे जुलैच्या उन्हात डांबर मऊ होतं आणि चाकाचा खड्डा पडतो, मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून गवताखालची जमीन अशी होते की चाक अक्षरशः बुडतं. खाली दीड-दोन फुटांची जाड फळी टाका. हिवाळाभर ठेवायची असेल तर चाक काढून सपाट पायाची प्लेट लावा, बऱ्याच जॅकना ती बदलून बसते, नाहीतर टंगखाली लाकडी ठोकळे रचून वजन त्यांच्यावर घ्या आणि जॅकला सुट्टी द्या. काहीजण विजेवर चालणारा जॅक लावायचं बोलतायत, कॅम्परला ठीक आहे, पण रॅम्पवर पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरला मी तरी लावणार नाही.

कपलरवरचं वजन घरी कसं मोजायचं हे बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून इथेच सांगतो. पेट्रोल, सामान नेहमीएवढं भरून ट्रेलर सपाट जमिनीवर, कपलर बॉलच्या उंचीवर, चाकांना अडसर. वजन थोडं असेल तर बाथरूमच्या काट्यावर ठोकळा ठेवून थेट कपलर टेकवा. जास्त असेल तर एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोघांच्या मध्ये 3 फूट अंतर, आणि कपलर विटेपासून 1 फुटावर टेकवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट खरं वजन. नुसती फळी ठेवल्यावर काटा जे दाखवतो ते आधी वजा करा. आणि काटा वाचताना कपलरखाली पाय घालू नका, वाकून लांबून वाचा.

"टायर बदलायलाही तोच."

टंगचा जॅक कितीही वर नेला तरी ट्रेलर अ‍ॅक्सलवर नुसता झुलतो, चाक काही जमीन सोडत नाही. मग लोक गाडीला जोडलेल्या अवस्थेत जॅक ताणून काहीतरी करायला जातात आणि ते फ्रीवेच्या कडेला, शेजारून ट्रक जात असताना. पंक्चरला वेगळा बॉटल जॅक लागतो, तो अ‍ॅक्सलजवळ फ्रेमखाली लावायचा, खाली फळीचा तुकडा, ट्रेलर गाडीला जोडलेलाच, दुसऱ्या बाजूच्या चाकाला अडसर. शिवाय ट्रेलरच्या नटांना बसणारा पाना, कारण गाडीतला बसेलच असं नाही, माझ्या गाडीतला बसत नव्हता. हे सगळं आता बोटीच्या पुढच्या खणात लाइफ जॅकेटच्या खाली एका डब्यात असतं आणि लेक सेंट क्लेअरला निघायच्या आदल्या रात्री मेव्हणा स्वतः तो डबा उघडून बघतो.